पांझरेच्या वाळूतलं रोप

या वर्षी थंडी उशिरा आली, पण आली ती एकदम. परवा सकाळी भाऊ असोद्याहून मोटारसायकलवर आला तेव्हा त्याच्या मफलरवर दव तसंच होतं. चहा हातात घ्यायच्या आधी त्यानं पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं केळीचं पान काढलं आणि माझ्या पुढ्यात उलगडलं. कोवळं पान. शिरा हिरव्या आणि मधला सगळा भाग पिवळट पांढरा, उकळून उकळून रंग गेलेल्या कापडासारखा.

"आख्ख्या बागेत असंच होऊन राह्यलं," तो म्हणाला. "जमिनीत लोखंड कमी पडलं का?"

"कमी नाही भाऊ. आपल्या जमिनीत लोह ढीगभर आहे. झाडाला ते घेता येत नाही."

"म्हंजे ताट वाढेल हाये अन् हात बांधेल हायेत."

मी त्याला चुनखडीचं सांगितलं, गारठलेल्या मुळांचं सांगितलं, काय फवारायचं ते कागदावर लिहून दिलं. एरवी मी इथंच थांबते. पण तो निवांत बसला होता, ऊन अजून अंगणात उतरलं नव्हतं, आणि मी बोलत गेले. लोह, तांबं, मॉलिब्डेनम असे धातू झाडाच्या पेशीला अगदी थोडे लागतात, पण ते नुसते, मोकळे चालत नाहीत. मोकळा धातू पेशीलाच जाळतो. म्हणून पेशी आधी त्या धातूसाठी एक कोंदण घडवते. एकदम नाही, टप्प्याटप्प्यानं. मग त्या कोंदणात धातू बसवते. मग ते कोंदण हवा लागू न देता, सांभाळून नेऊन, ज्या एन्झाइमला हवं त्याच्या पोटात ठेवते. तेव्हा कुठं ते एन्झाइम कामाला लागतं. यातला एक टप्पा जरी अडला, तरी धातू शेजारी पडलेला असतो, एन्झाइमही असतं, आणि काम मात्र होत नाही.

भाऊनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे इतकं बारीक तुले कोनी शिकवलं?"

"धुळ्याला शिकले," मी म्हणाले.

त्यानं माणूस विचारला होता. मी गावाचं नाव सांगितलं. तो गेल्यावर पान तसंच टेबलावर राहिलं आणि मला दिवसभर धुळ्याची ती थंडी आठवत राहिली.

*

ऐंशीचं दशक तेव्हा संपत आलं होतं. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला वनस्पतिशास्त्रात आम्ही मुली दोनच होतो, मी आणि विमल. विमल यावलच्या पलीकडच्या एका खेड्यातली. त्यांच्या मळ्यात उभं राहिलं की सातपुडा हाताशी वाटायचा, असं ती सांगायची. घरची केळी, थोडी कपाशी. वडिलांना घरीदारी सगळे आबा म्हणत. गावातून इतकं शिकलेली ती पहिलीच मुलगी होती, आणि या गोष्टीचा तिला अभिमानही नव्हता आणि ओझंही नव्हतं. तिला फक्त पाहायला आवडायचं. पान, मूळ, बुरशी, काहीही. एखादी गोष्ट पाहायला बसली की ती हाका मारूनही ऐकत नसे.

वसतिगृहात आमची खोली एकच. धुळ्याची थंडी आमच्या जळगावकडच्या थंडीपेक्षा कोरडी. ओठ फुटायचे, बोटांच्या पेरांना भेगा पडायच्या. सकाळी अंगणातला बंब पेटला की त्याच्या धुराचा वास आणि महामार्गावरून जाणाऱ्या ट्रकांचा आवाज एकत्रच खिडकीतून आत येई. विमल तिच्या भावाचा तपकिरी स्वेटर घालायची. बाह्या दोनदा दुमडलेल्या, तरी तळहातावर यायच्या. वर्गात आम्ही पुस्तकी मराठी बोलायचो, जपून, चूक होऊ नये म्हणून. खोलीत आलो की चपलांबरोबर ती मराठीही दाराशी काढून ठेवायचो आणि आपल्या बोलीत बोलत बसायचो. घरून आलेली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, भरताची वांगी, शेंगदाण्याची चटणी. दोघींचं एकच ताट असायचं.

तिची वही मला अजून डोळ्यांपुढं दिसते. उजव्या पानावर ती जे दिसलं ते लिहायची. डाव्या पानावर जे वाटलं ते. मी एकदा विचारलं, की वेगळं कशाला लिहितेस? ती म्हणाली, "दोन्ही येका पानावर आले का मंग आपल्यालेच समजत नही, कोनतं पाह्यलं अन् कोनतं मनानं घातलं."

मी गेली दहा वर्षं विद्यार्थ्यांना हेच वाक्य माझं म्हणून सांगत आले आहे.

*

आमच्या सरांना मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांचं दडपण वाटत नसे. पत्र्याच्या शेडमध्ये, कुंड्या आणि धुतलेली वाळू एवढ्यावर चांगलं काम होऊ शकतं, असं ते मनापासून मानायचे. त्यांनी जवाचं बी एका रसायनात भिजवून आधीच्या रब्बीत कॉलेजच्या वाफ्यात लावलं होतं. त्यातून आलेलं दुसऱ्या पिढीचं बी त्यांनी आमच्या पुढ्यात ठेवलं. रसायनामुळे हजारांत एखाद्या दाण्यात काहीतरी बिघडलेलं असणार होतं. तो बिघडलेला दाणा आम्हाला शोधायचा होता.

शोधायची रीत साधी होती आणि जरा क्रूर. झाड जमिनीतलं नायट्रेट खातं, आणि ते पचवायला त्याच्याकडे एक एन्झाइम असतं. नायट्रेटसारखंच दिसणारं क्लोरेट नावाचं मीठ रोपाला पाजलं, की हे एन्झाइम फसतं. ते क्लोरेटही पचवायला घेतं आणि त्यातून विष तयार होतं. म्हणजे धडधाकट रोप मरतं. ज्याचं ते एन्झाइम काम करत नाही, तेवढंच रोप जगतं.

शेडची व्यवस्था नाना पाहायचे. प्रयोगशाळेत शिपाई म्हणून लागलेले, निवृत्तीला आलेले, अहिराणी बोलणारे. पांझरेच्या पात्रातली वाळू आणून ती आम्लानं आणि मग पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवायची, हे काम त्यांचं. क्लोरेट दिल्यानंतर आठवडाभरात ट्रेमागून ट्रे करपत गेले. पानांची टोकं आधी पांढरी, मग सगळं रोप वाळक्या गवतासारखं आडवं. ते पाहवायचं नाही. एके सकाळी आम्ही शेडमध्ये गेलो तर नाना एका ट्रेसमोर उकिडवे बसले होते.

"ताई, बठ्ठा मरी ग्यात," ते विमलला म्हणाले. "हाई एकलंच जित्तं शे."

करपलेल्या रांगांमध्ये एक रोप उभं होतं. विमल गुडघ्यांवर बसली. तिनं त्याला हात लावला नाही. किती वेळ गेला कोण जाणे, मी दोनदा घड्याळ पाहिलं.

ते रोप तिनं स्वच्छ वाळूच्या कुंडीत लावलं आणि नायट्रेटचं पोषण सुरू केलं. पण ज्या खोटीमुळे ते विषातून वाचलं होतं, तीच खोट आता त्याला उपाशी मारायला लागली. नायट्रेट वाळूत होतं, मुळं ते शोषत होती, पानांत ते साठतही होतं. पचत तेवढं नव्हतं. नवीन पान आधीच्यापेक्षा फिकं येई. बीतला साठा संपत आला तसं रोप मेणासारखं दिसायला लागलं. वर्गातली मुलं म्हणाली, टाकून द्या, दुसरा ट्रे लावा.

विमल सरांकडे गेली. सरांजवळ परदेशी संशोधकांच्या दोन-तीन निबंधांच्या पुसट छायाप्रती होत्या, अक्षरं जागोजागी उडालेली. त्या तिनं आणल्या आणि आम्ही शब्दकोश मांडीवर घेऊन वाचल्या. त्यांत होतं, की नायट्रेट पचवणाऱ्या त्या एन्झाइमच्या पोटात मॉलिब्डेनम असतो, आणि तो नुसता नसतो, कोंदणात बसवलेला असतो. काही बिघडलेल्या झाडांमध्ये एन्झाइम शाबूत असतं, पण कोंदणच घडत नाही. आणि फार थोड्या झाडांमध्ये कोंदणही घडतं, फक्त त्यात धातू बसवणारा शेवटचा हात नसतो. अशा झाडाला नेहमीपेक्षा कितीतरी पट जास्त मॉलिब्डेनम दिला, तर तो आपसूकच थोडाफार जागेवर जाऊन बसतो, आणि झाड सावरतं. हे सगळं नेमकं कसं होतं ते तेव्हा कुणालाच धड माहीत नव्हतं. त्या निबंधांतही 'बहुधा' आणि 'शक्य आहे' हेच शब्द जास्त होते.

"आपलं त्यातलं असंन का वं?" विमल म्हणाली.

फॉस्फेट मोजायला लागतं म्हणून अमोनियम मॉलिब्डेट आमच्या कपाटात होतंच. तिनं ते पाण्यात विरघळवलं आणि कुंडीत घातलं. उजव्या पानावर तारीख लिहिली. डावं पान कोरं ठेवलं.

बाराव्या दिवशी मधलं पान हिरवं उगवलं. गडद नाही, कोवळ्या कैरीसारखं. मी तिला मिठी मारली. ती हसत होती, पण नजर कुंडीवरच. सरांना बोलावून आणलं. सरांनी चष्मा वर करून पान पाहिलं, उलटून पाहिलं, आणि म्हणाले, "छान. पण तू दिलंस ते अमोनियम मॉलिब्डेट. अमोनियम पचवायला या एन्झाइमची गरजच नाही. मग हे हिरवं झालं ते धातूमुळे, की अमोनियमवर पोट भरल्यामुळे?"

मला सरांचा राग आला. विमलला आला नाही. तिनं तिथंच डाव्या पानावर लिहिलं: सोडियमचं मॉलिब्डेट हवं. आणि पान कापून एन्झाइम मोजायला हवं.

*

सोडियम मॉलिब्डेटची बाटली सरांनी कुठल्यातरी ओळखीच्या प्रयोगशाळेतून मागवली. ती यायला तीन आठवडे लागले. तोवर संक्रांत होऊन गेली, रोपाला दोन फुटवे आले. बाटली आली त्याच्या दुसऱ्याच सकाळी वसतिगृहाच्या फाटकाशी आबा उभे होते. धोतर, काळा कोट, डोक्याला उपरणं. पहाटेच्या गाडीनं आलेले, डोळे लाल.

त्यांनी विमलला काही सांगितलं नाही, आधी सरांना भेटायचं म्हणाले. सरांच्या खोलीत मी आणि विमल दाराशी उभ्या होतो.

"सर, पोरगी हुशार हाये, मले काय समजत नही का?" आबा म्हणाले. "पन तिची माय अंथरुनाले लागली हाये. डॉक्टरनं हात टेकले. तिच्या डोयादेखत लगीन व्हावं येवढंच म्हनते ती. माणसं चांगली हायेत, केयीवाले हायेत. माघातली तारीख धरली."

सर म्हणाले, "तीन महिने थांबा आबा. परीक्षा होऊ द्या."

"तीन महिने ती थांबली तं ना."

आबा वाईट माणूस नव्हते. त्यांनीच तिला इथवर पाठवलं होतं. बोलताना ते हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेत होते, आणि एकदाही विमलकडे पाहत नव्हते. मी इतक्या वर्षांत अनेकदा त्या सकाळसाठी कुणावर तरी रागवायचा प्रयत्न केला आहे. कुणी सापडत नाही.

विमल म्हणाली, "आबा, येक तास थांबा. माहं काम हाये."

ती शेडमध्ये आली. कुंडी उपडी केली, मुळांवरची वाळू बोटांनी हळूहळू मोकळी केली, पाण्याच्या बादलीत मुळं खालीवर करून धुतली. मग दोन्ही फुटवे मूळ न तोडता वेगळे केले. नानांनी धुतलेल्या वाळूच्या दोन नव्या कुंड्या पुढं सरकवल्या. दोन्हींना सारखंच नायट्रेट, आणि एकीलाच सोडियम मॉलिब्डेट. तिचे हात थंड पाण्यानं निळे पडले होते. आबा शेडच्या बाहेर उन्हात उभे राहून पाहत होते. त्यांनी घाई केली नाही.

"तुमी जाई या ताई," नाना म्हणाले. "मी शे ना आठे."

तिनं चिठ्ठ्यांवर क आणि ख लिहून कुंड्यांना बांधल्या. वही माझ्या हातात दिली.

"पान कापून मोजजो," ती म्हणाली. "अन् काय निंघलं ते मले कळवजो. येक कार्ड टाकजो फक्त."

"लगेच टाकीन," मी म्हणाले.

ती स्वेटरच्या बाह्या खाली ओढत आबांच्या मागं गेली. फाटकापर्यंत तिनं वळून पाहिलं नाही, आणि मलाही हाक मारायचं सुचलं नाही.

*

अठरा दिवसांनी मी दोन्ही कुंड्यांतली पानं कापली. क कुंडीतलं रोप फिकं पडून मान टाकायला लागलं होतं. ख कुंडीतलं हिरवं होतं. पण हिरव्यावर भागणार नव्हतं. पानाचे बारीक तुकडे नायट्रेटच्या पाण्यात घालून अंधारात ठेवायचे, मग त्या पाण्यात दोन रसायनं टाकायची. एन्झाइम काम करत असेल तर पाणी गुलाबी होतं. क ची नळी पाण्यासारखी राहिली. ख ची हळूहळू रंगली. जास्वंदीसारखी भडक नाही, पण कुणालाही दिसेल इतकी. नाना माझ्या मागं उभे होते.

"व्हयनं का ताई?"

"झालं नाना. धातूच होता तो."

"विमलताईले सांगी द्या मंग."

मी त्याच दिवशी कार्ड आणलं. लिहायला बसले, पण मग वाटलं आणखी एकदा करून खात्री करू. दुसऱ्यांदाही गुलाबी आलं. तिसऱ्यांदाही. त्यानंतर सरांनी मला बोलावलं.

माझा स्वतःचा प्रयोग केळीच्या पिवळ्या पानांतल्या लोहावरचा होता, आणि तो फसला होता. आकडे कुठंच जुळत नव्हते, हे सरांना माहीत होतं. ते म्हणाले, "विमल परीक्षेला बसत नाही. हे काम असंच पडून राहील. तू पूर्ण केलंस, तुझ्या प्रबंधात घे. आभारात तिचा उल्लेख कर." सरांनी ते चांगल्या मनानं सांगितलं. काम वाया जाऊ नये एवढंच त्यांना वाटत होतं. मी हो म्हणाले. हो म्हणायला मला फार वेळ लागला नाही, हे मला लपवायचं नाही.

त्या दिवसानंतर ते कार्ड लिहिणं अवघड होत गेलं. 'गुलाबी आलं' एवढं लिहिलं की पुढं 'आणि ते मी माझ्या नावावर घेतलं' हे लिहावं लागणार होतं. पहिलं वाक्य दुसऱ्याशिवाय मला लिहिता येईना. लग्नाची पत्रिका आली, तेव्हा प्रात्यक्षिकाची सराव परीक्षा तोंडावर होती. मी गेले नाही. परीक्षा लग्नानंतर दोन दिवसांनी होती. मी जाऊन येऊ शकले असते.

प्रबंध टंकलिखित होऊन आला. आभाराच्या पानावर मी लिहिलं होतं: माझ्या सहाध्यायिनींचे सहकार्य लाभले. सहाध्यायिनींचे, अनेकवचन. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमका तो प्रयोग उचलला. दोन फुटवे वेगळे करून तुलना करायची कल्पना कुणाची, म्हणून विचारलं. मी म्हणाले, "आम्ही ठरवलं." त्यांनी मान डोलावली. तो 'आम्ही' त्यांना नम्रपणा वाटला असणार.

क कुंडीतलं रोप होळीच्या आत वाळलं. ख ला बारीकशी ओंबी धरली, दाणे पोचट निघाले. मला पहिला वर्ग मिळाला, आणि त्याच्या जोरावर जळगावला नोकरी.

*

मधली वर्षं सांगण्यासारखी नाहीत. मी शिकवत राहिले. मॉलिब्डेनमच्या कोंदणाचा धडा आला की मी जरा भरभर शिकवायची. नवीन संशोधन येत गेलं, कोंदण घडण्याचे टप्पे एकेक उलगडत गेले, त्याची पुस्तकं कॉलेजात आली. मी ती वाचली आणि त्यांच्यावर बोलले. सरांचं निधन झालं. नाना निवृत्त होऊन गावी गेले. धुळ्याला जायची कारणं संपत गेली, आणि मला त्याचं बरंच वाटलं.

दोन वर्षांपूर्वी, असाच गारठा होता, केळी उत्पादकांच्या एका शिबिरासाठी मला यावलच्या बाजूला बोलावलं. विषय पानांच्या पिवळेपणाचा. देवळासमोरच्या मंडपात पुरुष पुढं, बायका मागच्या ओट्यावर. मी अर्धा तास बोलले. संपल्यावर पुरुषांनी प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. गर्दी पांगली तेव्हा ओट्यावरून एक बाई उठून आली. डोक्यावरून पदर, रापलेला चेहरा, हाताच्या पेरांना केळीच्या चिकाचे काळे डाग.

"चांगलं बोलली वं सुमन," ती म्हणाली. "पन जरा भरभर बोलती तू."

मी तिला ओळखायच्या आधी तो आवाज ओळखला.

ती मला घरी घेऊन गेली. नवरा शांत, हसऱ्या तोंडाचा माणूस. दोन मुलं शाळेत गेलेली. सासूबाई उन्हात तूर निवडत बसल्या होत्या. विमलनं चुलीपुढं पाट मांडला. आई तिच्या लग्नानंतर महिनाभरानं गेली, आबा मागच्या वर्षी गेले, असं तिनं वांगं भाजता भाजता सांगितलं. ती आमच्या बोलीत बोलत होती. मी पुस्तकी मराठीत उत्तरं देत होते. प्रयत्न करूनही जुने शब्द तोंडात येईनात. ती प्रयोगाबद्दल काही विचारीना. मीच शेवटी म्हणाले, "विमल, मला तुला एक सांगायचं आहे. ते रोप..."

"मले ठाऊक हाये," ती म्हणाली.

वांगं तिनं परतलं. साल फुटून वाफ आली.

"मोठा पोटात व्हता तवा धुळ्याच्या दवाखान्यात दाखवाले नेलतं मले. परतीच्या गाडीले उशीर व्हता, म्हून कॉलेजात गेली. गंथालयातल्या मास्तरनं तुहं पुस्तक काढून देलं. बसाले जागा नव्हती, उभ्यानं वाचलं. गुलाबी आलं व्हतं ते वाचून लय बरं वाटलं मले. तीनदा करून पाह्यलं तू, ते चांगलं केलं." तिनं वांगं ताटलीत काढलं. "मंग आभाराचं पान काढलं."

बाहेर सासूबाईंच्या सुपाचा आवाज येत होता.

"नाव नसतं टाकलं तरी चाललं असतं," विमल म्हणाली. "मी कुठं परीक्षा देणार व्हती. पन येक कार्ड टाकती तू. मी दोन महिने टपालवाल्याची वाट पाह्यली. नव्या घरात, हातावरची हळद जायेल नव्हती, अन् मी दारात जाऊन उभी राहू. लोकायले वाटे, माहेरची आठवण येते पोरीले."

"माझं चुकलं," मी म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "आता जेव."

तिनं क्षमा केली असं मी म्हणणार नाही. तिनं वाढलं आणि मी जेवले. भरीत तिनं न विचारता दुसऱ्यांदा वाढलं.

जेवणानंतर ती मला मागच्या बागेत घेऊन गेली. केळी गच्च हिरवी, वाऱ्यानं पानं फाटलेली. एका कडेला मात्र तीन ओळी पिवळ्या. तिच्या नवऱ्यानं हसत सांगितलं, "या तीन वळी ती दरसाल अशाच उपाशी ठेवते. काही टाकू देत नही. इचारलं तं म्हनते, त्याशिवाय बाकीच्यायचं खरं का खोटं समजत नही." त्याला ते वेड वाटत होतं, पण ते तो जपत होता. विमलनं घरातून वह्या आणल्या. आठ-नऊ वह्या, मुलांच्या शाळेच्या उरलेल्या पानांच्या, दोऱ्यानं शिवलेल्या. उजव्या पानावर पाहिलेलं. डाव्या पानावर वाटलेलं. कोणत्या महिन्यात मुळं लोह घेणं थांबवतात, पाणी किती तोडलं की पोगा, म्हणजे गुंडाळलेलं नवं पान, पुन्हा हिरवा निघतो, शेणखताबरोबर दिलं तर काय होतं आणि नुसतं दिलं तर काय. मी उभ्यानंच वाचत गेले. त्या सकाळी मंडपात मी जे सांगितलं होतं, त्यातल्या दोन गोष्टी या वह्यांप्रमाणे चुकीच्या होत्या. ती ओट्यावर बसून ते ऐकत होती आणि काही बोलली नव्हती.

"हे छापायला हवं," मी म्हणाले. "मी लिहून काढते. दोघींच्या नावानं देऊ. तुझं नाव आधी."

तिनं वह्या माझ्या हातातून घेतल्या, कडा सारख्या केल्या.

"नको," ती म्हणाली. "लिहाचं असंन तं मी लिहीन."

मुलं शाळेतून आली, तिला हाक मारत. ती गेली.

*

तिनं अजून लिहिलेलं नाही. निदान माझ्या वाचनात आलेलं नाही. मी चौकशी करत नाही, तो अधिकार मला उरलेला नाही. कापणी, मुलांच्या परीक्षा, सासूचं दुखणं, केळीचा भाव, यांतून तिला कधी वेळ मिळेल हे मला माहीत नाही. मिळणारच नाही, असंही मला पहाटे जाग आली की वाटतं.

भाऊ येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी तृतीय वर्षाच्या वर्गाला मॉलिब्डेनमचं कोंदण शिकवायचं होतं. मी या वेळी सावकाश शिकवलं. कोंदण कसं घडतं, शेवटी धातू कसा बसतो, आणि मग ते एन्झाइमपर्यंत कसं पोचतं. मग धुळ्याच्या शेडमधला प्रयोग सांगितला. दोन फुटवे, दोन कुंड्या, गुलाबी नळी. हा प्रयोग माझा नाही, असं म्हणाले, आणि फळ्यावर नाव लिहिलं. विमल लिहून झालं आणि आडनावाशी खडू थांबला. सासरचं लिहायचं की माहेरचं? मी माहेरचं लिहिलं. त्या कामाच्या वेळी तिचं तेच होतं.

पहिल्या बाकावरच्या मुलीनं ते वहीत उतरवून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, त्या आता कुठं असतात?"

"यावलजवळ," मी म्हणाले. "केळीत."

वर्गाला वाटलं, मी गंमत केली. सगळे हसले. ती मुलगीही हसली. मी त्यांना हसू दिलं.

तास संपल्याची घंटा झाली तेव्हा मी फळा पुसला नाही. पुढच्या तासाचे गणिताचे सर दाराशी येऊन उभेच होते. मी पुस्तकं आवरून बाहेर पडले, तोवर त्यांनी डस्टर उचलला होता.